आंबलेला कोबी मी टाकला

सूनबाई,

ओट्याखालची कोबीची बरणी शोधू नकोस, ती मी रिकामी केली. सकाळी झाकण उघडलं तर फसकन वास आला आणि वर फेस दिसला. वाटलं, नासलं. झाकणावर तू माझ्यासाठीच मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नका’ लिहिलं होतंस. ते मी बरणी घासताना वाचलं. या वयात लिहा-वाचायला शिकलो, पण आधी वाचायची सवय अजून लागलेली नाही. जन्मभर नाकानेच काम भागलं.

तुझ्या नवऱ्याला फोन केला तर तो ओरडलाच, “बाबा, ते आंबवायचंच असतं! कॅफेवाल्या बाई संध्याकाळी त्याच कोबीचा परतलेला भात चाखायला येणार आहेत. आवडला तर तुमच्या सुनेला तिथे काम मिळणार!”

बाजारामागच्या दुकानात तसल्या कोबीची तयार बरणी मिळते म्हणे, ती आणायला गेलोय. भात शिजवून ताटात पसरलाय, मोकळा झालाय. लसूण सोललाय. बरणी नाहीच मिळाली तर शेंगदाण्याचं कूट घातलेल्या त्या नूडल्स कर. नावं ठेवत ठेवत मी त्या दोनदा घेतल्या होत्या.

तुला वाटेल, म्हातारा रोज म्हणतो, “सगळ्या देशांची जेवणं आमच्याच घरात का?”, म्हणून मुद्दाम टाकलं. मुद्दाम नाही टाकलं, पोरी. पण टाकताना जरा बरं वाटलं होतं, हे खरं. तेच आता मला खातंय.

बाबा