मामांचा रिकामा पाईप

६ जानेवारी, मंगळवार. नांदेड
सकाळी अहमदपूरहून मामींचा फोन. आवाज खाली. "अरुण, माझ्या हातून एक चूक झाली बघ."
संक्रांतीची आवराआवर चालली होती. भांडी उकळत्या पाण्यात टाकली, त्यातच मामांचा पाईप टाकला. चाळीस वर्षांचं काळं निघंल म्हणून. काळं निघालं. लाकूड वरपासून खालपर्यंत चिरलं.
आणि काल मामांच्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी सापडली.

८ जाने., गुरुवार
पेपरातलं माझं सदर वेळेत गेलं. या रविवारी कुकरची शिटी. लोक विचारतात ती स्वस्त वस्तू आणायची, आठवडाभर वापरायची, घ्यावी की नाही ते सहाशे शब्दांत सांगायचं. इतक्या वर्षांत हात बसलाय.
दिवसभर काडेपेटीच डोक्यात. लातूरला मामांच्या हृदयात स्टेंट बसवला, त्या दिवसापासून तंबाखू बंद. येत्या मार्चमध्ये तीन वर्षं. पाईप मात्र सुटला नाही. रिकामाच दातांत धरतात. जुना वास येतो, तेवढ्यावर भागतं. म्हणजे तो रिकामा पाईपच औषध होता. ते मामींनी धुऊन टाकलं.

११ जाने., रविवार. अहमदपूर
एसटीनं गेलो. मामा अंगणात, तोंडात लिंबाची काडी. गुरांचे डॉक्टर, सगळी नोकरी देवणी भागात. तिथला वळू बघायला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्यानं जाताना हा पाईप दिला होता. आता रुमालात बांधून ठेवलाय, दुखऱ्या पाखरासारखा.
"नवा आणू का मामा?"
"नवा म्हंजे नवा बैल. खांद्याला सवय लागायला साल जातंय."
मामी आतून, "तवर ह्यांना दुसरी सवय लागंल. जुनीच."
मामा हसले नाहीत. निघताना मात्र म्हणाले, "तू संपादक हाईस ना? लोकाला सांगतूस काय घ्यावं, काय न्हाई. मग मला कशाला इचारतूस?"
मामी फाटकापर्यंत आल्या. हातात तिळाच्या लाडवांचा डबा. एवढंच म्हणाल्या, "लवकर बघ."

१३ जाने., मंगळवार
तासभर मोबाईलवर पाईप बघितले. चांगल्यांची किंमत बघून पान मिटलं. स्वस्तातले परदेशी ढिगानं. सगळ्यांच्या फोटोत तोच दाढीवाला. एक पाचशेला, 'अस्सल लाकूड'. मागवला. मनात आलं, सदराचंही काम होईल. असं मनात यायला नको होतं.
बायकोला दाखवला. सु. म्हणाली, "औषध आणताना असं स्वस्तातलं बघतोस का?"
मामांना फोनवर साडेतीन हजार सांगितले. स्वस्त म्हटलं तर तोंडात धरायचे नाहीत. मामी मागून, "आवो, तेवढ्यात वासरू येतंय."

२२ जाने., गुरुवार
पार्सल आलं. दिसायला झकास. तांबूस, चकचकीत. ओल्या बोटानं चोळला तर बोट तांबडं. वाटीच्या आतूनही रंग मारलेला. नळीचं भोक वाटीच्या तळाशी यायला हवं, ते बोटाच्या पेराएवढं वर. तोंडात धरायची बाजू प्लॅस्टिकची, कडेला धार.
तसाच रिकामा दहा मिनिटं तोंडात धरून बसलो. नव्या कपाटाची चव.
सु. "ओठ रंगलेत. कुठं निघालास?"

२३ जाने., शुक्रवार
मामांना फोन. सदरासाठी विचारतोय असं दाखवलं. नवा पाईप मुरवतात कसा?
मामा खुलले. आतला रंग खरवडायचा. पहिल्यांदा तंबाखूनं अर्धीच वाटी भरायची, हळू ओढायची. राखेचा थर धरू द्यायचा. दहा वाट्या झाल्या की लाकूड बोलायचं थांबतं, मग पाईप आपला.
मग म्हणाले, "ते मीच करतो की. दहा वाट्यांनी काय हुतंय?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाचशेचा घ्या नाही तर पाच हजारांचा, नवा पाईप म्हणजे दहा वाट्यांची परवानगी. तीन वर्षं आवरलेला माणूस, आणि त्याच्या हातात ती मीच देणार होतो.

२४ जाने., शनिवार
ठरवलं. वाट्या मी ओढणार. सिगरेट सोडून नऊ वर्षं झाली, तेव्हा धोका नाही.
सु.ला सांगितलं. तिनं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "दहाच," म्हणाली.
स्टेशनजवळच्या पानवाल्याकडे पाइपाच्या तंबाखूचं एकच पाकीट होतं. फडक्यानं धूळ पुसून दिलं. "साहेब, हे कुणी नेत न्हाई. बघा चालतंय का."

२५ जाने., रविवार
आतून पॉलिश पेपर मारला. गच्चीवर पहिली वाटी, अर्धी. ठसका. जीभ भाजली. लाकूड पातळ, हातात धरवेना इतकं तापलं. बाहेरच्या रंगाला फोड आले.

२७ जाने., मंगळवार
चौथी. तळाशी ओल साचते, नळी गुरगुरते. दाभण तापवून भोक खाली उतरवलं. आता बरं. सदरासाठी टिपण, ज्याला असलं काम जमतं त्यानंच…
शेजारचे विचारून गेले, काही जळतंय का.

२९ जाने., गुरुवार
सदर गेलं, मच्छरांची बॅट. सहावी वाटी संध्याकाळी.
आज पहिल्यांदा मामांच्या सदऱ्याचा वास आला. मी नऊ वर्षांचा, देवणीच्या दवाखान्यातल्या बाकावर. गुरांच्या बाजाराच्या दिवशी मामा सोबत न्यायचे. सौदा करणाऱ्या दोघांच्या हातांवर रुमाल, खाली बोटं दाबून भाव ठरायचा. मामांनी दोन गोष्टी शिकवल्या. तोंडानं काय बोलायचं ते बोल, रुमालाखाली खोटं नाही. आणि रुमालाखालचं बाहेर सांगायचं नाही.
विझल्यावरही वाटी नाकाशी धरून बसलो होतो.

३१ जाने., शनिवार
आठवी सकाळी, नववी दुपारी, दहावी आत्ता. वाटीत काळा थर धरलाय. रिकामा ओढून बघितला. कपाटाची चव गेली.
एक लिहून ठेवायला हवं. पाचचा चहा झाला की पाय आपोआप गच्चीकडे वळतात.

१ फेब्रुवारी, रविवार. अहमदपूर
मामांनी पाईप घेतला, जनावर तपासावं तसा. वाटीत बोट फिरवलं, नळी उजेडासमोर धरली, फोड आलेल्या रंगावर नख मारलं. हुंगला. मग माझ्याकडे बघितलं.
"केवढ्याला म्हणलास?"
"साडेतीन हजार."
मामी दारात उभ्या. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मांडीवर पसरला, खाली हात घातला. "हितं सांग."
खोटंच सांगायचं ठरवून हात आत घातला होता. पण तो हात धरला आणि बोटांनी ऐकलं नाही. पूर्ण पंजा दाबला. पाच. शेकडा की हजार, ते त्यांना सांगावं लागलं नाही.
"आन् वढल्यास किती?" हे हळूच, मला ऐकू येईल एवढंच.
पंजा, पुन्हा पंजा.
त्यांनी हात सोडला नाही. मग तळहातात काहीतरी चौकोनी आलं आणि त्यांनी माझी मूठ मिटवली. काडेपेटी.
मामींनी विचारलं, "किती म्हणला?"
"साडेतीन हजार," मामा म्हणाले. "महाग हाय, पर माल चांगला हाय."
पाईप दातांत धरला. मामी आत गेल्या आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत राहिल्या. जेवायला बसलो तेव्हा मामींचे डोळे लाल होते. कांद्याला बोल लावला. ताटात कांदा नव्हता.

३ फेब्रु., मंगळवार
काडेपेटी टेबलाच्या खणात, तंबाखूच्या पाकिटावर. पाकीट अर्धं उरलंय. टाकून द्यायला हवं. उद्या.

५ फेब्रु., गुरुवार
आज पाइपाचं सदर. मजकूर झालाय. रंग, भोक, दाभण, सगळं आलं. शेवटचा परिच्छेद राहिलाय, घ्यावा का? ऑफिसचे दोन फोन येऊन गेले. इतक्या वर्षांत असा अडकलो नव्हतो.
तिसरा फोन उचलला तर मामा. सांधा ढिला झाला, दोरा गुंडाळून बसवला. पाऊस आला की फुगंल, असं त्यांचं मत.
मामींनी फोन ओढून घेतला. "दिवसभर तोंडात हाय. रोज खिसे बघते मी, काई न्हाई. आजपर्यंत तरी न्हाई."
मग परत मामा. "आणिक एक मागव. एकाला आराम लागतोय. आन् आता कोराच पाठव. तू त्याच्या नादी लागू नको. रंग चघळीन मी."
"बरं."
"तंबाखू उरली का रं?"
"नाही," म्हणालो.
फोनवर रुमाल नसतो.
पाच वाजले. शेवटचा परिच्छेद तसाच. सु.नं चहा आणून ठेवला, माझ्याकडे बघितलं, खिळ्यावरची गच्चीची किल्ली काढली आणि पदराला बांधून आत गेली.