ना उडतंय ना बसतंय

६ जानेवारी २०२५, सोमवार

पुन्हा बंद केली! दिवा नव्हे — तक्रार.

आमच्या वसाहतीतून कोपर स्टेशनकडे उतरायला बावीस पायऱ्यांचा जिना, आणि त्याला एकच दिवा. तो महिनाभर लुकलुकतोय. देखभालीच्या ठेकेदाराच्या ॲपवर पर्याय दोनच: ‘दिवा चालू’, ‘दिवा बंद’. असणं आणि नसणं यांच्या मधे काही असू शकतं, हे त्यांच्या दर्शनात बसत नाही. मी ‘चालू’ निवडून खाली लिहिलं — ‘लुकलुकतो’. उत्तर: ‘दिवा चालू असल्याने तक्रार निकाली.’ पुरावा म्हणून त्यांच्या वायरमनने, दौलतने, काढलेला फोटो. फोटोत दिवा लख्ख! असणारच. फोटो एका क्षणाचा. लुकलुकायला निदान दोन लागतात.

८ जानेवारी

हे सगळं शेजारच्या रखमाबाईंसाठी. वय त्र्याहत्तर. गेल्या महिन्यात संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर पडल्या, डावं मनगट प्लास्टरमध्ये. “मेल्या दिव्यानं डोळा मारला, नि माझी पायरी चुकली.” त्यांच्या मुलाला, मधूला, हे पटत नाही.

“योगिनीताई, ॲपवर फोटो बघितलात ना? दिवा ओके आहे. आईचेच पाय लटपटतात. हातही थरथरतो. परत पडली तर?”

म्हणून हा दुपारी दोनला शिफ्टला निघताना दाराला बाहेरून कुलूप लावतो. रात्री येईपर्यंत.

“मधू, तू आईला कोंडतोस.”

“ताई, काळजी आहे हो.”

“काळजीला कुलूप कशाला लागतं?”

बराच वाद. शेवटी एवढं कबूल केलंन — दोष दिव्यातच होता असं ठेकेदाराने लिहून दिलं, तर त्याच दिवशी कुलूप काढतो.

ठीक! लिहायला लावणं हा माझा प्रांत. तीस वर्षं वर्तमानपत्रांना पत्रं पाठवतेय. संपादक निवृत्त झाले, मी नाही.

९ जानेवारी

ठरवलं — रोज एक तक्रार, रोज नवा शब्द. ‘मिणमिणतो’ लिहिलं आणि खोडलं. मिणमिणता दिवा गरीब असतो, पण प्रामाणिक. ‘लखलखतो’ विजेला आणि तलवारीला. ‘झगमगतो’ लग्नाच्या हॉलला. ‘थरथरतो’ समईच्या ज्योतीला शोभतं; एलईडीला कसली आलीय थरथर! अखेर संस्कृतात शिरले: ‘दीपः स्फुरति.’

उत्तर: ‘कृपया मराठीत लिहा.’ क्षणभर अभिमानच वाटला.

११ जानेवारी

संध्याकाळी रखमाबाईंशी गप्पा — त्या त्यांच्या गॅलरीत, मी माझ्या. मधे ग्रिल. त्यांच्या तुळशीच्या कुंडीत माणदेशातल्या नदीतले नऊ गोल गोटे आहेत. मी त्यांना नवग्रह म्हणते. त्या म्हणतात, “गोटं हाईत.”

समोर, पंधरा हातांवर, दिव्याचं चाललं होतं. म्हटलं, मला याच्यासाठी नवा शब्द द्या, माझे संपत आले. बराच वेळ बघत राहिल्या.

“कणसावर पाखरू येतं बघ. फडफड फडफड. ना उडतंय ना बसतंय. तसा हाय त्यो.”

लहानपणी ज्वारीच्या रानात उंच माळ्यावर उभ्या राहून पाखरं हाकायला गोफण चालवायच्या म्हणे. अख्खं रान त्यांच्या एकटीच्या हवाली. आणि आता स्वतःचा उंबरा नाही हवाली!

रात्री तक्रारीत त्यांचंच वाक्य जसंच्या तसं घातलं. कोशात याहून चांगली व्याख्या नाही. उत्तर: ‘पक्ष्यांची तक्रार आमच्याकडे येत नाही.’

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी अकराला दौलत हजर. दिवा लावला, फोटो काढला.

“मॅडम, चालू आहे.”

“दौलत, तो लुकलुकतो रात्री. तासभर तापला की.”

“माझी ड्युटी पाचपर्यंत. तुमचं खोटं नाही, आत काहीतरी सैल असणार. पण खोलायची परवानगी फक्त बंद दिव्याची. चालू दिवा खोलला तर माझ्यावर येईल.”

“म्हणजे तो मरेपर्यंत औषध नाही?”

“सिस्टम आहे मॅडम.”

“तिळगूळ घ्या. आणि फोटो कमी काढा.”

रखमाबाई ग्रिलमागून सगळं ऐकत होत्या. एरवी मधे बोलल्याशिवाय राहत नाहीत. आज गप्प. वाईट वाटलं — खचल्या की काय?

१९ जानेवारी

अकरावी तक्रार निकाली. मी नाही निकाली निघत!

२० जानेवारी

दिवा बंद!! संध्याकाळी माझा संस्कृतचा क्लास घेऊन आले तो जिन्यावर ठार काळोख. मोबाईलच्या उजेडात पायऱ्या चढत असताना मला इतका आनंद झाला, की लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा ॲपवर ‘दिवा बंद’ निवडलं. वर्णनाची जागा कोरी सोडली. शब्दांनी आपलं काम केलं. कोण म्हणतं भाषेत जोर नाही? अकरा क्रियापदं, आणि दिवा गतप्राण!

२२ जानेवारी

दौलतने दिवा खाली उतरवून खोलला. आतली वायर निम्मी जळलेली. ॲपवर त्याने स्वतः लिहिलं: ‘आतील वायर सैल व जळालेली. दिवा बरेच दिवस लुकलुकत असणार.’ लुकलुकत! माझा शब्द, सरकारी थाटात!

मधूने तीनतीनदा वाचलं. कान लाल झाले. कुलूप काढून माझ्या हातात ठेवलं. मी पेपरवेट करणार आहे.

जाताना दौलत हळूच म्हणाला, “मॅडम, काच पण फुटलेली होती. ते नाही लिहिलं.” आणि माझ्या तळहातावर एक गोल गोटा ठेवला. “आत अडकला होता. तुमचा आहे?”

२३ जानेवारी

तुळशीच्या कुंडीत सहाच गोटे. माझ्या हातातला ठेवला — सात. रखमाबाईंकडे पाहिलं.

“गोफण फिरवाया गॅलरीत जागा कुठं? हातानंच मारलं. पाखराला काय अर्ज करत्यात व्हय?”

“आणि उरलेले दोन?”

“चुकलं. खाली जिन्यावर पडलं असतील.” चपला पायात सरकवल्या. “थांब, घिऊन येते.”