खपली पडल्यावर ये

साखरा,
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६६ (सन १९४४)

चि. सौ. शकूस बाबाचा आशीर्वाद.

इकडं ठीक म्हणायचं. वखराची पाळी घालून झाली, आता वाफसा होण्याची वाट पाहून राहिलो. तुझी धाकटी मान धरू लागली असेल. थोरला तिला त्रास देत नाही ना? जावईबापूंना आमचा नमस्कार सांग.

हरिचंद परत आला. घाबरू नको, नापास झाला नाही, कुणाशी भांडलाही नाही. ट्रंक आणि वळकटी घेऊन औरंगाबादला गेला तसाच ट्रंक आणि वळकटी घेऊन हिंगोलीच्या स्टेशनावर उतरला. मी कापसाचं बी घ्यायला गेलो होतो म्हणून मला तिथंच भेटला. सेनगाव मागं पडल्यावर बैलगाडीत बोलायला लागला.

झालं ते असं. कॉलेजात म्याट्रिकचे कागद पाहिले, ते बराबर होते. मग तिथले मुन्शी म्हणाले, बाही वर करा. याच्या दोन्ही दंडांवर देवी टोचल्याचा वण नाही. दाखलाही नाही. ते म्हणाले, काही हरकत नाही, मागं डॉक्टर बसलेत, आज टोचून घ्या, आठवड्यानं हात दाखवा, हात धरला असेल, म्हणजे टोचलेलं फुललं असेल, तर दाखला मिळेल, मग नाव लिहू. त्याशिवाय बोर्डिंगात खाट मिळत नाही. एका दालनात इतकी पोरं झोपतात, एकाला आल्या तर सगळ्यांना येतील. त्यांचं काय चुकलं, तूच सांग.

हरिचंद ओळीत उभा राहिला. पुढचं पोरगं बाही वर करून बसलं, आणि हा ओळीतून बाहेर पडला.

निघताना तुझ्या आईनं त्याचे दोन्ही हात धरून त्याच्याकडून शपथ घेतली होती की कुठंही गेला तरी सुई लावून घेणार नाही. मला हे माहीत नव्हतं. "आईला इचारल्याबिगर कसं घेऊ?" असं म्हणाला. एवढ्या लांबून, गाड्या बदलून, एक गोष्ट विचारायला आला.

ग्यानबाचं तुला माहीत आहे. तुझ्या आधीचा. वर्षाचा होता, टोचल्यावर हात चिघळला, अंगात ताप भरला आणि गेला. त्यानंतर देवीडॉक्टर गावात आला की तुझी आई तुम्हा दोघांना घेऊन तुरीच्या रानात जाऊन बसायची. तुला ते खेळासारखं वाटायचं. मला लहानपणीच देवी येऊन गेल्या, माझ्या तोंडावरचे वण पाहतच तू मोठी झालीस. या घरात मला सांगण्याचा हक्क उरला नव्हता. ती म्हणायची, तुमी वाचलात ना, मंग बोलू नका.

परवा हरिचंदनं तिला विचारलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "म्याच धरलं व्हतं त्याला मांडीवर. तो सुटायला पाहत व्हता. म्या धरलं." एवढंच. हो नाही, ना नाही.

कॉलेजनं राखीपौर्णिमेपर्यंत मुदत दिली आहे. हरिचंद जेवतो आणि पडवीत पडून राहतो. ती त्याच्यापुढं ताट ठेवते आणि परसात जाते. मी दोघांच्या मधून बैलांना पाणी दाखवायला जातो. थकलो बाई. माणसं ओरडून भांडली तर मधे पडता येतं.

नागपंचमीला मी हिंगोलीला गाडी घेऊन येतो. दोन्ही लेकरांना घेऊन ये. तू आलीस तर ती बोलेल.

तुझा बाबा,
उकंडराव


साखरा,
आषाढ वद्य तृतीया

चि. सौ. शकूस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. पेरण्या झाल्या, कापूस बरा उगवला.

आधी चांगली बातमी. हरिचंदला टोचलं. सेनगावच्या दवाखान्यात. हात धरला, दाखला मिळाला. काख सुजली होती, दोन रात्री तळमळला, आता खपली वाळून राहिली आहे. दाखला त्यानं स्वतःजवळ ठेवलाय.

आईनं कशी परवानगी दिली असं तू विचारशील. गावात बाया आल्या, देवीची साथ. आधी वरच्या आळीत, मग आपल्या शेजारी मंजुळाबाईची नात मिरा, तिला. त्या घरात म्हातारी आणि ती पोर, दोघीच. म्हातारीला धड दिसत नाही. दाराला देवीच्या खुणेचा लिंबाचा डहाळा लागला आणि लोकांनी ती वाट सोडली. लोकांचं तरी काय, ज्याच्या त्याच्या घरी लेकरं आहेत.

तुझी आई गेली. मी म्हणालो, "तुला ना देवी आलेल्या, ना टोचणी. तू काहून जातीस?"

"पोरीला पाणी कोण पाजील?" म्हणाली, आणि पेजेचं गाडगं घेऊन गेली. तिथंच राहिली.

एक दिवस दुपारी आली. कुंपणाबाहेर उभी. आत ये म्हणालो तर आली नाही. हरिचंदला हाक मारली, तो धावला तसा हात दाखवून त्याला लांबच थांबवलं. केस विस्कटलेले, लुगड्याला राखेचा वास, तो मला पडवीपर्यंत आला.

"तुजी शपथ सुटली," म्हणाली. "जाय, टोचून घे."

"तू बी चल," हरिचंद म्हणाला.

"पोरीच्या पापण्या चिकटल्यात. भिजवून भिजवून सोडवाव्या लागतात. मी आले तर कोण करील? माझं मागून पाहू." मग माझ्याकडं वळली. "अवो, त्याचा हात तुमी धरा. मला धरवणार न्हाई."

एवढा वाढलेला पोरगा, त्याचा हात कुणी धरायची गरज नव्हती. पण मी धरला. डॉक्टर हसला. हसू दे.

आता एक. औंदा पंचमीला येऊ नको. सेनगावपासून इकडं नुसता चिखल आहे. खिलारी बैलाचा पाय मुरगळलाय. शिवाय घरात पाव्हणे येऊन राहिलेत. लेकरांना घेऊन कुठं फरफटत येतेस? पोळा झाल्यावर पाहू.

आई बरी आहे. मिराकडून परत आली. जरा कसर आहे अंगात, झोपून असते. थकली, दुसरं काही नाही. कुणाच्या हाती काही निरोप आला तर त्यावर जाऊ नको. मी लिहीन तेच खरं धरून चाल.

तुझा बाबा,
उकंडराव


साखरा,
श्रावण वद्य सप्तमी

शकू,

तुझी आई जिवंत आहे. हे आधी लिहितो, पुढचं सावकाश वाच. शेजारी जावईबापू असतील तर त्यांना बसव.

तुझं पत्र वाचलं. गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी गेल्या आणि तू दारात बसून राहिलीस. गोरेगावच्या हळदवाल्यानं तुला बाजारात काहीबाही सांगितलं. "आई गेली असंल तर तसं लिहा, मी रडून मोकळी होईन," असं तू लिहिलंस. तू मला कधी असं बोलली नव्हतीस. पण तुझं बरोबर आहे. बैलाचा पाय चांगला होता. पाव्हणे नव्हते. तुला ते पत्र लिहिलं तेव्हा ती आत तापानं फणफणत होती, आणि मला वाटत होतं, तुला कळलं तर तू दोन्ही लेकरं काखेत घेऊन येशील. तुम्हा तिघांपैकी कुणालाच टोचलेलं नाही. मी ते पत्र लिहून टपालात टाकलं, मग घरी येऊन तिच्या उशाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. तोंडावर तर जागा उरली नाही. मी तिच्याजवळ राहिलो, मला त्याचं भय नाही. हरिचंद दाराशी येऊन म्हणायचा, मला आत येऊ द्या. मी कडी लावून घेतली. मग तो चालत सेनगावला गेला, डॉक्टरला हात दाखवून विचारून आला, आणि कडीवर थाप मारून म्हणाला, "बाबा, उघडा. माझा हात धरलाय. मला चालतंय."

मग मी उघडली.

त्यानं जे केलं ते एखाद्या लेकीनं केलं नसतं, तू वाईट वाटून घेऊ नको. लिंबाच्या डहाळीनं वारा घातला, कूस बदलली, चमच्यानं पेज पाजली. ती शुद्धीत नसताना त्याला ग्यानबा म्हणायची. तो ओ द्यायचा.

तिच्या पापण्या चिकटल्या तेव्हा मंजुळाबाई चाचपडत आली आणि आम्हाला दाखवलं, मिराच्या कशा सोडवल्या ते. कोमट पाणी, मऊ चिंधी, ओढायचं नाही. आम्ही ओढलं नाही, शकू. जपून केलं. एक दिवस सकाळी पापण्या सुटल्या. ती पडून होती. म्हणाली, "हरी, कवाड काहून लावलंय?"

कवाड उघडं होतं.

उजव्या डोळ्यानं काहीच नाही. डाव्यानं उजेड आणि अंधार कळतो, समोरून कुणी गेलं तर सावली हलल्यासारखी वाटते. ताप उतरून खपल्या पडल्यावर हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरनं बत्ती दाखवली आणि मला बाहेर बोलावलं. ती आतून ओरडली, "जे सांगायचं ते इथंच सांगा, माझे डोळे गेलेत, कान न्हाई."

मिरा वाचली. तोंडावर वण राहिले, डोळे चांगले आहेत. मंजुळाबाई रोज येऊन उंबऱ्यात बसते आणि रडते. तुझी आई वैतागते. म्हणते, रडायचं तर रड, पण हात रिकामे ठेवू नको, शेंगा तरी फोड.

कॉलेजची मुदत या सगळ्यात निघून गेली. हरिचंदनं दाखला आणि दरखास्त टपालानं पाठवली होती, आजाराचं कारण लिहून. उत्तर आलं की पोळ्याच्या आत हजर व्हा, जागा ठेवली आहे. त्यानं ते पत्र वाचलं आणि घडी घातली. म्हणाला, आता कसलं कॉलेज, मी घरीच राहतो.

ती ऐकत होती. मला वाटलं, रडेल. म्हणाली, "मला हात धरून न्हाणीपर्यंत न्यायला कॉलेज शिकलेलं पोरगं लागत न्हाई. तेवढं मिरा करती. तू तुजी ट्रंक भर."

तो येत्या द्वादशीला हिंगोलीहून निघतो.

आता तुझ्यासाठी तिचा निरोप. ती म्हणाली तसाच लिहितो. "शकूला सांगा, वसमतच्या दवाखान्यात जाय, तू टोचून घे, दोन्ही लेकरांना टोच. धाकटीला मांडीवर घट धर, हलू देऊ नको. रडंल, रडू दे. खपली पडल्यावर ये. त्याच्या आधी आलीस तर मी कवाड उघडणार न्हाई."  घट धर हे तिनं दोनदा सांगितलं.

सगळ्यांचे हात चिघळत नाहीत, असं मी तिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "ठावं हाये. एकाचा चिघळला, तो माझा व्हता. म्हणून काय बाकीच्यांनी माझ्यासारखं व्हावं?" 

आणि धाकटीचं तोंड कसं आहे ते लिही. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, हसते तेव्हा कुठं काय होतं. घाईत लिहू नको. मी वाचून दाखवीन.

शेवटचं. हरिचंदची गाडी वसमतला थांबते. स्टेशनावर जा. त्याला दशम्या दे, इथं आता मला जमतात तशाच मिळतात. त्याच्या मनात एक बसलं आहे, ते तो मला सांगत नाही, पण मला कळतं. त्याला वाटतं, मी परत येऊन विचारलं, आईला ग्यानबा आठवायला लावला, म्हणून ती मिराकडं गेली आणि तिचे डोळे गेले. तसं नाही. ती गेलीच असती. ती पेज घेऊन निघाली तेव्हा तिच्या मनात ना कॉलेज होतं ना तो. त्याला हे माझ्याकडून पटत नाही. तू थोरली आहेस, लहानपणी त्याला तूच कडेवर घेऊन फिरायचीस, तुझं ऐकेल. गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा आधी रडण्यात वेळ घालवू नको. आधी हे सांग.

मी बरा आहे. पाठ दुखते. भाकरी करपते. ती चुलीपाशी बसून वासावरून सांगते, आता उलटा.

हे सगळं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, फार रडकं लिहिलंत, कापसाला फुलं लागली ते लिहा. तर कापसाला फुलं लागली आहेत.

तुझा बाबा उकंडराव,
आणि शेजारी शेंगा फोडत बसलेली तुझी आई अनुसयाबाई,
दोघांचे आशीर्वाद.