निझव्याचे म्हणून दिलेले जांब

अझैबा, मस्कत
४ मे २०२५

प्रिय पप्पा,

तुमची तब्येत बरी असेल. मम्मीचे गुडघे कसे आहेत? इथे उकाडा एवढा की नळाच्या पाण्यात चहा होईल. मी वेळेवर जेवते. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

माशी नवीनच आहे, काळजी नको. पंखावरचा तपकिरी पट्टा टोकाच्या आधीच तुटतो, आणि मादीची अंडी घालायची सुई दातेरी आहे. अशी फळमाशी आजवर कुणी नोंदलेली नाही. चूक माशीत नाही. ती सापडली कुठे, त्यासमोर लेखात मी ‘निझवा, ओमान’ लिहिलं, ती चूक.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्याकडे आला होतात, तेव्हा तुम्ही उत्तमकाकांबरोबर निझवा बघून आलात आणि पिशवीभर पांढरे जांब माझ्या ओट्यावर ठेवलेत. खजुराच्या गावात जांब? मी विचारलं होतं. “अगं, फलजच्या पाटाचं पाणी ते! एका अर्बाबच्या, बड्या मालकाच्या बागेतले आहेत, मी स्वतः तोडले,” असं छाती काढून म्हणालात. त्यातले किडके मी आतल्या अळ्या वाढवायला रेतीच्या डब्यात ठेवले. माशी त्यांतून निघाली.

परवा मम्मी सहज म्हणाली, “गेल्या वर्षीचे जांब नीट पोचले होते ना गं? पप्पांच्या बनियनमध्ये गुंडाळून दिले होते मी, कस्टमवाल्यांना दिसू नयेत म्हणून.”

बनियन, पप्पा. नवी प्रजाती वसईहून तुमच्या बनियनमधून ओमानला आली.

तुम्हाला विचारलं, तर तुमचं उत्तर: “वसईच्या माशीला कोण विचारतो? ओमान म्हटलं की वजन येतं. यल्ला, छापून टाक, खलास.” हे तुम्ही म्हणालात! शाळेतले मास्तर न बघता शिकवतात म्हणून मला पाचवीपर्यंत घरी बसवून शिकवणारे तुम्ही. मुंगीचा एक पाय मी अंदाजाने काढला तर पान फाडणारे तुम्ही. त्या मास्तरांना आपण दोघं किती हसायचो. ते बिचारे दुसऱ्यांच्या चुका पाठ करून घेत होते. तुम्ही तर चूक स्वतः बनवलीत, तीही इतकी स्वस्तातली.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख खुदेजा मॅडमना मी सगळं सांगितलं. ओमानच्या नव्या माशीची बातमी त्यांच्या टेबलावर तयार होती. त्या एवढंच म्हणाल्या, “ज्यांच्या शब्दावर लिहिलंस, त्यांना ओळखतेस ना?”

“ओळखत होते,” मी म्हटलं.

आणखी एक. हे लिहायचं नव्हतं. माशीला मी तुमचं नाव दिलं होतं. छापून आलं की तुमच्या वाढदिवसाला पाठवणार होते. ते मी खोडलं आहे. आता ती बिननावाची आहे.

लेख मागे घेतलाय. माशी तिच्या खऱ्या झाडावर सापडली तरच तो पुन्हा लिहिता येईल, नाही तर माझं वर्षभराचं काम कचऱ्यात. झाडावर अजून जांब आहेत, असं मम्मी म्हणाली. येत्या रविवारी माझी कॉलेजची मैत्रीण यशश्री येईल. तिला वाडीचं फाटक उघडा, झाड दाखवा आणि बाजूला उभे राहा. जांब तोडून तिच्या हातात देऊ नका. तिची ती तोडेल.

तुम्हीच शिकवलेली,
लविना