कन्नडात काय बोलली?

मंगळवार, संध्याकाळ

आक्का काहीतरी लपवतेय.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मलाच मराठीत विचारलं, "गाठ कधीपासून आहे?" मला ऐकू येत नाही, पण मराठी बोलणाऱ्याचे ओठ मी वाचते. तीन महिने, म्हणून तीन बोटं दाखवली. तेवढ्यात आक्का मध्ये पडली आणि दोघं कन्नडात बोलायला लागली. ओठ एकदम कळेनासे झाले, म्हणजे कन्नडच; ते मला वाचता येत नाही. सख्ख्या बहिणीला हे ठाऊक नाही?

चांगली दहा मिनिटं बोलली. डॉक्टरांनी परत माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कागदावर सहीपण आक्कानंच केली. बाहेर आल्यावर मला म्हणते, "काय न्हाय गं, गोळ्या घे." दहा मिनिटांत एवढंच? मग तिचे डोळे का लाल झालेले?

की मीच उगाच संशय घेतेय? लहानपणापासून सगळीकडं तीच माझ्यासाठी बोलत आलीय. पण मग कन्नड का?

आत्ता चहा देताना हातवारे करून पुन्हा विचारलं. तिनं पाठ फिरवली आणि बोलत राहिली. मान हलताना दिसत होती.

उद्या मच्छे गावच्या कारखान्यात कामाला दांडी. दवाखान्यात एकटीच जाणार. वहीत आत्ताच लिहून ठेवलंय: "गाठ माझी आहे. मला सांगा. मराठीत लिहून."