पासष्ट, तीस, तीन, दोन

नेरूळ, रविवार

प्रिय कुमुद,

गेल्या महिन्यातला शेवटचा मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तू गेलीस त्या शनिवारची वेळ हॉस्पिटलच्या कागदावर आहेच. पण चूक झाली ती त्याआधी, मंगळवारी, आपल्या स्वयंपाकघरात. मिनिटासकट सांगते, कारण तुझा रक्ताचा रिपोर्ट अकराला मिळणार होता आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून मी जिन्यातच कुरकुरले होते.

इतके दिवस लिहिलं नाही. आज लिहिते आहे, कारण काल मी तुझ्या रक्ताची स्लाइड स्वतः मोजली.

तुला आठवतं, अण्णांनी मला नन्सच्या शाळेत घातलं तेव्हा फी माफी आपल्या दोघी बहिणींत एकीलाच होती? तू म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेलीस आणि पुढे तशाच एका शाळेत तीस वर्षं शिकवलंस. तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे. विम्याचं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, तू माझ्यापुढे धरायचीस आणि म्हणायचीस, "वाच गं मडमे." येत नव्हतं म्हणून नव्हे, चांगलं येत होतं तुला. पण सवय झाली होती, तुला विचारायची आणि मला सांगायची.

त्या मंगळवारीही तू पलंगावरून हाक मारलीस, "काय लिहिलंय?"

"काही नाही. व्हायरल आहे. सगळं नॉर्मल."

"हे पासष्ट, तीस, तीन, दोन काय आहे?"

"पांढऱ्या पेशींची वाटणी. सगळ्यांची असते तशी आहे. पडून राहा."

तू पडून राहिलीस. एवढी आज्ञाधारक तू कधीपासून झालीस? भाजीत मीठ कमी घाल म्हटलं तर दुप्पट घालणारी बाई तू.

आता ऐक, त्या आकड्यांचं. शंभर पांढऱ्या पेशी मायक्रोस्कोपखाली एकेक करून मोजायच्या आणि कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं. लॅबमध्ये तीस वर्षं मी तेच केलं. निरोगी माणसात साधारण पासष्ट एका जातीच्या, तीस लिम्फोसाइट, उरलेल्या किरकोळ. साध्या सर्दीतापात फार फरक पडत नाही. पण छातीचा व्हायरल ताप वाईट वळण घेतो, तेव्हा पुष्कळदा लिम्फोसाइट रक्तातून नाहीशा होतात. अशा स्लाइडवर त्या शोधाव्या लागतात. एकूण पेशी मात्र नॉर्मल दिसू शकतात, म्हणून तर मोजायचं असतं.

आणि पासष्ट, तीस, तीन, दोन हा आकडा कधी येतो माहीत आहे? न मोजता लिहिला की. खऱ्या स्लाइडवर एकसष्ट येतात, बहात्तर येतात, वेडेवाकडे काहीही येतात. इतकं घडी घातल्यासारखं उत्तर पाहून तीस वर्षं हे काम केलेल्या बाईला टोचायला हवं होतं.

टोचलं होतं, कुमुद. तुला हेच सांगायचं आहे. अकरा वाजून दहा मिनिटांनी मला टोचलं आणि मी गॅसकडे वळले. कारण लॅब सुनंदाची. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, सेक्टरात स्वतःची पाटी लावणारी. मी सोसायटीभर सांगत फिरायचे, तिच्याकडे जा, माझी शिष्या आहे. तिच्या कामावर शंका म्हणजे माझ्यावरच शंका.

बुधवारी सकाळी सारसोळ्याची जानकी कोळीण पाटी घेऊन दारात आली. बोंबिलांचा भाव सांगायचा सोडून तुझ्या खोलीकडे बघत राहिली.

"ताई, बाय अशी काय करते? निजलेलीला दम लागतंय."

"ताप आहे. रक्त तपासलं, काही नाही निघालं."

"कागदाव काय पन लिवलेलं असंल. तिच्या नाकपुड्या बघ ना, मासली पान्याभाईर काढल्यासारख्या हलतान."

मी तिला म्हटलं, "डॉक्टर कधीपासून झालीस?" ती पाटी उचलून गेली. तुझ्या तेराव्याला आली, तेव्हा मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि तुझ्यावर राग नाही असं समजू नकोस. रात्रभर उशीला टेकून बसलीस आणि सकाळी मला म्हणालीस, छान झोप लागली. का? मी ओरडेन म्हणून? पाठीला लावून बसलीस त्या दुसऱ्या उशीचा खळगा मी पाहिला होता गं. गुरुवारी तुझे ओठ निळसर दिसले तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी का नाही आणलंत?"

मी म्हटलं, "रिपोर्ट नॉर्मल होता."

काल मी तो रिपोर्ट घेऊन सुनंदाकडे गेले. मनात सगळं भाषण तयार होतं, इंग्रजीत. पेशंट बसले होते, त्यांच्यासमोरच म्हटलं, "स्लाइड काढ."

स्लाइड होती. महिनाभर जपून ठेवायची, हे मीच तिला शिकवलं होतं. तिच्याच मायक्रोस्कोपवर बसले आणि शंभर मोजल्या. पुन्हा शंभर मोजल्या. शंभरात लिम्फोसाइट सहा. दुसऱ्यांदाही सहाच.

सुनंदा भिंतीला टेकून उभी होती. "मॅडम, त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. आली तेव्हा पंधरा पेशंट खोळंबलेले. टोटल काउंट नॉर्मल होता, म्हणून मी..."

"म्हणून पासष्ट-तीस? हे कुणी शिकवलं तुला?"

ती खाली बघून हळूच म्हणाली, "तुम्ही, मॅडम."

मग तिने आठवण करून दिली. नोकरभरतीची तपासणी होती, धडधाकट पोरांच्या साठ-सत्तर स्लाइड, आणि ती नवी, एकेक पेशी मोजत बसलेली. मी म्हणाले होते, "अगं, पैलवान आहेत सगळे. पासष्ट, तीस, तीन, दोन लिही आणि चहाला चल."

मी म्हणाले होते. शब्द माझेच आहेत, ऐकताच ओळखले.

मोजलं असतं तर तू वाचली असतीस, असं मी म्हणत नाही. तसं कुणीच सांगू शकत नाही. पण एक्स-रे मंगळवारी निघाला असता. दोन दिवस मिळाले असते. ते दोन दिवस तुझे होते आणि आम्ही दोघींनी मिळून ते घालवले.

सुनंदा रडली. मी तिला गप्प केलं नाही, आणि भाषणही केलं नाही. तिच्याच टेबलावर बसून एक पत्र लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. त्याची नक्कल इथे उतरवते, तुझ्यासाठी:

"पेशंट कुमुद यांचा डिफरन्शियल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची वाटणी, न मोजता लिहिला गेला, हे आपण लेखी कळवावं. दुरुस्त रिपोर्ट सोबत जोडावा. ही सवय आपल्याला कुणी लावली, तिचं नावही त्यात लिहावं, गाळू नये. यापुढे मोजल्याशिवाय आकडा लिहिणार नाही, असं खाली सहीनिशी लिहून द्यावं. उत्तर येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हाती मिळालं पाहिजे. तोंडी चालणार नाही. आणि उत्तर मराठीत हवं."

तुला मी वचन देते. सोमवारपासून रोज सकाळी दोन तास मी तिच्या लॅबमध्ये बसणार आहे आणि तापाच्या प्रत्येक पेशंटची स्लाइड मोजणार आहे, डोळे साथ देतील तोवर. जानकीची माफीही मागेन. ते जास्त कठीण आहे, पण मागेन.

सुनंदाचं उत्तर आलं की तुझ्या फोटोपुढे उघडून ठेवीन. मी वाचून दाखवणार नाही. या वेळी तू स्वतः वाच.

तुझी,
मडम