यादीतला रानपिंगळा

अहो,

आज शाळेत जाऊन तुमच्या पाखरांच्या यादीत भर घालून आले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून हे पत्र!

आपल्या काजूच्या बागेतलं ते इवलंसं घुबड आठवतं? मी म्हणायचे, याच्या डोक्यावर आडव्या रेघा आहेत. तुम्ही वर न बघताच म्हणायचात, “अगो, पिंगळाच तो. पिंगळ्याला ठिपके असतात. रेघा तुझ्या चष्म्यावर असतील!”

खाणीतलं तुमचं काम बंद झाल्यापासून पाखरं हाच तुमचा ध्यास. अख्खं मुळगाव तुम्हाला विचारायचं. मी काय बोलणार? पण राग यायचा हो. एकदा तरी दुर्बीण माझ्या हातात द्यायची होतीत!

तुम्ही गेल्यावर ती वर्षभर कपाटातच होती. गेल्या आठवड्यात सकाळी दारावर आलेल्या पोदेराकडून पावाचे उंडे घेत होते, तेवढ्यात बागेतून त्या घुबडाची साद आली. आधी सावकाश, मग भरभर. उंडे तसेच ओट्यावर टाकले आणि दुर्बीण घेऊन धावले.

जांभळीवर बसला होता. डोक्यावर, पाठीवर रेघाच रेघा. डोक्यावर ठिपका एकही नाही! घाईत मोबाईलवर फोटो धूसर आला. आवाज मात्र छान मिळाला.

तो प्रभाबाईंना ऐकवला. तुमच्याकडून गावच्या पाखरांची यादी लिहून घेऊन शाळेत लावणाऱ्या त्याच बाई. त्यांनी पुस्तक काढलं, पुन्हा पुन्हा ऐकलं.

“काकी, हा रानपिंगळा! देवळाजवळ असतो तो साधा पिंगळा. काकांनी दोघांना एकच धरलं.” त्यांनी पेन उचललं. “काकांचं खोडू?”

“नको गो,” मी म्हटलं. “पिंगळाही आहेच की गावात.”

तुमच्या वळणदार अक्षराखाली माझ्या वाकड्या अक्षरात ‘रानपिंगळा’ लिहिलं. एका मुलीनं विचारलं, “हा कोणी ओळखला?”

“मी,” म्हटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही असतात तर दोन दिवस फुगून बसला असतात, आणि तिसऱ्या दिवशी साऱ्या गावाला कौतुकानं सांगत सुटला असतात.

रविवारी मुलांना मयेच्या तळ्यावर नेतेय, दुर्बीण घेऊन. कुणी वेगळं काही दिसलं म्हणालं, तर आधी त्याचं ऐकून घेईन. शब्द देते.

तुमचीच,
सुलभा